पेटीतला पाऊस

१

आमच्या घरात कुठलंही काम निघालं की राबायचं मी आणि मिरवायचं धाकटीनं, हा लहानपणापासूनचा करार आहे. या सहलीचंही तसंच झालं.

मूळ इच्छा नानांची. माझे वडील काही मागणाऱ्यातले नव्हते. जेवणात मीठ कमी पडलं तर ते उठून स्वतःच बरणी शोधायचे, आणि नाही सापडली तर तसंच जेवून "छान झालंय" म्हणायचे. असा माणूस एका सकाळी माझ्या दवाखान्यातल्या कॅलेंडरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "इथं एकदा जायचंय मला." चित्रात समुद्र होता आणि समुद्राला खेटून अरण्य. शेवाळानं जाड झालेली झाडं, त्यांच्यामधून गेलेली फळ्यांची अरुंद वाट, सगळ्यावर ओलं धुकं. तिथं म्हणे वर्षभर पाऊस असतो.

मी धाकटीला फोनवर सांगितलं. ती राहते दुसऱ्या गावात आणि उत्साह तिचा असा, की आधीच मर्कट, तशात मद्य प्याला. दुसऱ्या दिवसापासून तिचे निरोप सुरू. ताई, तिकडचा रस्ता थंडी सरल्यावरच उघडतो, म्हणून वसंतातच जायचं. ताई, रेनकोट गुडघ्याखाली हवा. ताई, भरतीच्या वेळी किनाऱ्याची वाट बुडते, तेव्हा वेळा बघून ठेव. बघून ठेवायचं अर्थात ताईनं.

माझा धंदा कानांचा. घराच्याच तळमजल्यावर दवाखाना आहे, ऐकू कमी येणारे लोक येतात, मी त्यांचे कान तपासते आणि लागलं तर मशीन बसवून देते. आतल्या खोलीला आम्ही पेटी म्हणतो. ती ध्वनिबंद आहे. जाड दार, एक खुर्ची, आणि एका माणसाला उठून वळण्यापुरती जागा. बाहेर मी तपासणीच्या यंत्रापाशी बसते, मधे काच असते. मी बारीक आवाज आत सोडते, ऐकू आला की माणसानं हातातलं बटण दाबायचं, की माझ्याकडे दिवा लागतो. मला आत काही सांगायचं असेल तर एक कळ दाबून बोलावं लागतं. आतलं मात्र सगळं माझ्या हेडफोनमध्ये येतं. एकटी बसलेली माणसं काय काय पुटपुटतात, विचारू नका.

आणि माझ्याच घरात नाना ठार बहिरे. सगळं आयुष्य छापखान्यात मशीनपाशी गेलं, त्यात कान गेले. मी त्यांना एकाहून एक चांगली मशिनं दिली, त्यांनी ती कौतुकानं लावली आणि कौतुकानंच खणात ठेवून दिली. "खडखडाट ऐकू येतो गं," ते म्हणायचे, "माणसं नाही येत." मग काय, मी ओरडायचे. गिऱ्हाइकांच्या पोरांना मी रोज बजावते, ओरडू नका, समोर बसा, सावकाश बोला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. दिवसभर तेच तेच सांगून घसा बसला की घरी कुठलं सावकाश सुचतंय.

चारचौघांत कुणी विनोद केला की नाना सगळ्यांच्या चेहऱ्याकडे बघून, जरा उशिरा हसायचे. ते मला बघवत नसे, आणि मग मी आणखीच ओरडायचे.

२

तिथल्या विश्रामगृहाला एकच फोन होता आणि तो रखवालदार उचलायचा. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, नाना समोरच्या बाकावर पेपर वाचत होते, म्हणून मी फोन लावला. खोल्या कशा, गरम पाणी मिळतं का, म्हाताऱ्या माणसाला फळ्यांची वाट झेपेल का, असं सगळं विचारून घेतलं. रखवालदार सावकाश बोलणारा, भला माणूस वाटला.

"आणि पाऊस कितपत असतो?" मी विचारलं.

"पाऊस कितपत म्हणजे काय सांगू बाई," तो म्हणाला. "थांबा, तुम्हीच ऐका." त्यानं फोन खिडकीबाहेर धरला असावा. एकदम भरून आल्यासारखा पाऊस कानात आला. इतका जवळ, की मी पाय वर घेतले.

मला हसू आलं. नानांना गंमत म्हणून मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. त्यांना काही ऐकू येणार नाही हे मलाही माहीत होतं, पण बहिऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीतून वगळायचं तरी किती? नानांनी पेपर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. डोळे मिटून ते बराच वेळ बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो नेहमीचा अंदाज घेणारा भाव गेला होता.

"किती छान पडतोय," ते म्हणाले.

मनात म्हटलं, माझं मन राखतायत. रिसीव्हर त्यांच्याकडून घेतला आणि रखवालदाराचे आभार मानायला कानाला लावला, तर फोन बंद होता. तुटल्यावर जी एकसुरी घरघर येते, ती येत होती. खिडकीतून हात ओला झाला म्हणून त्यानं लगेच ठेवून दिला असेल, असं मी धरून चालले.

३

त्यानंतर नानांना पाऊस ऐकू येऊ लागला.

बाहेर कोरडं ठणठणीत ऊन. हे चहा घेता घेता मान कलती करायचे आणि म्हणायचे, "आता जोर वाढला." कधी म्हणायचे, "आत्ता नुसतं झाडांवरून गळतंय."

मी घाबरले वगैरे मुळीच नाही. असली माणसं मी आठवड्यातून दोन-चार बघते. कान बाहेरचं ऐकेनासे झाले की मेंदू स्वस्थ बसत नाही, आपलं आपण काहीतरी वाजवत राहतो. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे, एका आजोबांना तर बँड ऐकू यायचा. कर्णनाद म्हणतात त्याला. त्या फोननंतर नानांच्या मेंदूनं पाऊस उचलला, इतकंच. धाकटीलाही मी हेच सांगितलं.

"अगं पण खूश आहेत ना ते?" धाकटी म्हणाली. "मग राहू दे की. तुला मेलं सगळंच दुरुस्त करायचं असतं."

खूश तर होतेच. म्हणजे मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं. ते गुणगुणायचे, रेनकोट घालून आरशासमोर उभे राहायचे, नवे बूट सैल व्हावेत म्हणून घरात घालून हिंडायचे. बघून मलाही बरं वाटायचं. फक्त एक गोष्ट खटकत होती. आता ते चारचौघांत उशिरा हसत नसत. बसल्या जागी, कुणी काही बोललेलं नसताना, अगदी वेळेवर हसत. समोर कुणीतरी विनोद केल्यासारखे.

४

कर्णनादावर आमच्याकडे एक साधा उपाय असतो. आधी माणसाला ऐकू येणारा आवाज नेमका कसा आहे ते जुळवून घ्यायचं. पेटीत बसवायचं, यंत्रातून आवाज सोडायचा आणि विचारायचं, असा? याहून जाड? याहून लांब? जुळला की मग तोच आवाज मोठा करून मूळच्याला झाकायचा. काट्यानं काटा काढायचा.

नानांना मी पेटीत बसवलं, त्यांच्या कानांना पोचेल इतका आवाज चढवला आणि जुळवायला लागले. एरवी लोक "साधारण असाच" म्हणून सुटका करून घेतात. नाना मात्र हटून बसले.

"एवढा सपाट नाही," ते म्हणाले. मी बदल केला.

"थेंब जाड आहेत. आणि उजवीकडे समुद्र आहे, तो घे ना."

मीही हट्टाला पेटले. माझ्या कामात मी कच्ची नाही, आणि नानांनी प्रथमच माझ्या कामात रस घेतला होता. आवाजावर आवाज चढवत गेले, थोडं कमी, थोडं खोल, मधेच जरा विरळ. शेवटी काचेपलीकडे नानांनी हात वर केला. "हाच," ते म्हणाले. "अगदी हाच गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी हेडफोन नीट बसवून ऐकलं. खरंच सुरेख जमला होता. आणि मग त्या पावसात मला पावलं ऐकू आली. ओल्या लाकडावर टाच आपटत कुणीतरी चालत होतं, चार पावलं टाकून थांबत होतं, परत चालत होतं.

असलं काही यंत्रात नसतं. मी आवाज खाली आणला, अगदी शून्यावर. पाऊस चालूच राहिला. मी यंत्राचं मुख्य बटण बंद केलं, तेव्हा कुठे शांत झालं.

पुढचा तास मी तारा तपासल्या, भिंतीतले पाण्याचे नळ तपासले, वरच्या मजल्यावर कुणी कपडे धुतंय का ते बघून आले. कुणी धुवत नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, बाई गं, दिवसभर आवाज ऐकणाऱ्याचे कानही थकतात. आणि ते पटलं मला.

५

मग गिऱ्हाइकं चुकीच्या जागी बटण दाबू लागली.

आम्ही तपासताना मुद्दाम मधे मधे काहीच सोडत नाही, माणूस उगाच अंदाजानं तर दाबत नाही ना हे कळावं म्हणून. त्या गप्प जागांमध्येच माझ्याकडे दिवा लागायचा. एकाचं समजू शकते. पण आलेला प्रत्येक जण? मी दार नीट लागतंय का ते बघितलं, दाराचं रबर बदलून घेतलं.

एक निवृत्त शिक्षिका तपासणी झाल्यावर बाहेर येऊन म्हणाल्या, "तुम्ही आत पाऊस लावता ते छान वाटतं. पण मधेच तुम्ही बोलता ना, त्यानं लक्ष उडतं."

"मी काय बोलले?"

"शब्द काही कळले नाहीत. कुणाला तरी बोलावत होतात." त्या पर्स आवरत हसल्या. "गोड आवाज आहे हो तुमचा. समोर बोलताना तेवढा वाटत नाही."

त्या सबंध वेळात मी बोलायच्या कळीला हातही लावला नव्हता. त्या गेल्यावर मी पेटीला कुलूप लावलं, यंत्र बिघडलंय असं दारावर लिहिलं आणि आलेल्यांना परत पाठवू लागले.

६

एका सकाळी न्याहारी करताना नाना परत तसे वेळेवर हसले. मी विचारलं, म्हणजे ओरडले, "कुणाला हसताय?"

"तुलाच," ते म्हणाले.

"मी काही बोलले नाही नाना."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि जरा ओशाळले. लपवलेली गोष्ट उघडी पडल्यावर माणूस होतो तसे. मग म्हणाले, "तिकडे गं. पावसात. तू पुढे चालतेस, मधेच थांबतेस आणि मला हाक मारतेस. फळी निसरडी आहे, जपून या, म्हणतेस. मघाशी म्हणालीस, नाना, तुमच्या बुटात बेडूक शिरेल."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "मी ही इथे बसलेय," मी सगळ्या ताकदीनं ओरडले. "तुमच्यासमोर!"

नानांनी डोळे मिटून घेतले, ओरडलं की मिटायचे तसेच. "हो, दिसतेयस ना," ते म्हणाले. "पण ऐकू तिकडून येतेस."

त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी समजावून सांगितलं. "इतकी वर्षं तुझं तोंड हललेलं बघतोय मी, थोरले. आवाज विसरलोच होतो. लहानपणी होता तसाच आहे की गं तो. आणि तिकडे तू ओरडत नाहीस."

मला फार वाईट वाटलं. भीतीचं नंतर बघू, आधी मला त्या बयेचा हेवा वाटला, जी कोण होती की नव्हती तेही मला ठाऊक नव्हतं. इथे पथ्यपाणी मी बघायचं, औषधं मी द्यायची, आणि गोड बोलून नाव मिळवायचं तिनं. तेवढ्यात मनात आलं, की तो आवाज तर माझाच आहे. मग मात्र भीती वाटली.

"बोलावते कुठे ती तुम्हाला?" मी विचारलं.

नानांनी माझे ओठ वाचले आणि खांदे उडवले. "पुढे," ते म्हणाले.

७

मी सहल रद्द केली. धाकटी फोनवर भडकली. ताई, तुला कुणाचं सुख बघवत नाही, म्हातारा माणूस आयुष्यात एकदा काही मागतो आणि तू खुसपटं काढतेस, असं बरंच बोलली. मी तिला काय सांगणार होते? मी तिकडे आधीच जाऊन पोचलेय, असं?

मग रखवालदाराला फोन लावला. आमच्या खोल्या सोडून द्या म्हटलं. त्याच्या मागे पाऊस चालू होता.

"बाई, राग मानू नका, एक विचारतो," तो म्हणाला. "तुम्ही फोनवर आहात, की बाहेर?"

"म्हणजे?"

"फळ्यांच्या वाटेवर कुणी बाई हाका मारतेय. काही दिवस झाले. आवाज सेम तुमचा. मला वाटलं तुम्ही लवकर निघून आलात. पण रस्ता तर अजून बंद आहे."

मी म्हटलं, जुनी लाइन असेल, माझाच आवाज घुमून तुम्हाला ऐकू येत असेल. मी फोन करत नव्हते तेव्हा काय घुमत होतं, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

"तुम्ही बाहेर जाऊन बघितलंत का कोण आहे?"

"नाही," तो अगदी साधेपणानं म्हणाला. "हाक आपल्याला नसेल तर आपण ओ देऊ नये."

मी फोन ठेवला. वर नाना बूट घालून खोलीत फेऱ्या मारत होते. चार पावलं टाकायचे, थांबायचे, परत चालायचे.

८

आता मी जे केलं ते कुणाही कानाच्या माणसानं केलं असतं. आवाज त्रास देतोय ना, मग झाकून टाका. त्याची जुळवणी माझ्याकडे तयार होती. नानांना पेटीत बसवायचं, तोच पाऊस मोठा करत न्यायचा, खालचं सगळं बुडेपर्यंत. रोज थोडा वेळ केलं की मेंदू हळूहळू तो आवाज सोडून देतो. शेकडो जणांना बरं केलंय मी असं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुलूप काढलं. नाना आनंदानं आत जाऊन बसले. त्यांना वाटलं मी त्यांना पाऊस ऐकवायला आणलंय. दार लावलं, बाहेर येऊन बसले, हेडफोन घातले आणि आवाज वाढवायला सुरुवात केली.

आधी ते हसत होते. मग त्यांनी मान पुढे काढली. मग कानामागे हात धरला. मी आणखी वाढवला. हेडफोनमध्ये मला त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. "थोरले? जरा मोठ्यानं बोल. ऐकू येत नाहीये गं."

मला वाटलं, लागू पडतंय. मी आणखी वाढवला.

"थांब," नाना म्हणाले. "थांब जरा. मीच येतो जवळ."

ऐकू आलं नाही की माणूस जवळ जातो. हे मी दिवसातून किती वेळा बघते, आणि त्या वेळी नेमकं सुचलं नाही. नाना खुर्चीवरून उठले आणि माझ्याकडे पाठ करून पलीकडच्या भिंतीकडे चालू लागले.

त्या पेटीत दुसरं पाऊल टाकायला जागा नाही. नानांनी दुसरं टाकलं, तिसरं टाकलं, आणि चालतच राहिले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती, वाकलेली मान, विरळ केस, आणि ती लहान होत होती. माझ्या कानात त्यांचे बूट ओल्या लाकडावर वाजत होते. त्यांच्या पुढे आणखी कुणीतरी चालत होतं, टाच आपटत. तेवढं मात्र मी बघितलं नाही. मी फक्त नानांच्या पाठीकडे बघत राहिले, कारण त्यांच्या पुढे नजर गेली तर काय दिसेल ते मला नको होतं.

मी यंत्र बंद केलं. या वेळी पाऊस थांबला नाही. बोलायची कळ दाबली. मला माहीत होतं काय करायचं ते. हळू बोलायचं, गोड बोलायचं, त्यांना कळायला हवं की खरी मी ही आहे. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचंच बाहेर पडतं.

"नाना!" मी किंचाळले.

दूरवर त्यांचे खांदे आक्रसले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. आणि हेडफोनमध्ये माझा आवाज, लहान मुलाला समजवावं तसा, म्हणाला, "घाबरू नका. चला."

धावत जाऊन दार उघडलं तेव्हा नाना खुर्चीतच बसलेले होते. हातात बटण होतं, बूट कोरडे होते, चेहरा शांत होता. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांचे हात धरले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं नाही.

९

डॉक्टर म्हणाले, मेंदूला बारीकसा झटका आलाय, या वयात होतं असं. मी मान डोलावली. धाकटी आली, रडली, भांडली, आणि जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, ताई, तुझा काही दोष नाही. ती मनापासून म्हणाली, म्हणून मी तिला पेटीतलं काही सांगितलं नाही.

नाना घरी आहेत. भरवलं की जेवतात, हात धरला की चालतात, खिडकीपाशी बसवलं की बसतात. मी आता त्यांच्याशी हळू बोलते. समोर बसून, सावकाश, हसून, मी लोकांना शिकवते अगदी तसं. त्यांच्या कपाळाला तेल लावते आणि सगळं सांगते, कोण आलं, कोण काय म्हणालं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही.

विश्रामगृहाच्या खोल्या मी पुन्हा धरून ठेवल्यात. रस्ता उघडला की मी जाणार आहे. नानांना घेऊन जायचं की नानांना घेऊन यायचं, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही, पण जाणार. रेनकोट बाहेर काढून ठेवलाय, वाटेच्या वेळाही बघून ठेवल्यात. धाकटीला वाटतं ताईचं डोकं फिरलं. फिरलं असेलही.

दवाखाना बंदच आहे. दुपारी नाना झोपले की मी खाली जाते, रिकाम्या पेटीसमोर बसते आणि हेडफोन घालते. यंत्र चालू करावं लागत नाही. पाऊस असतोच. थोडा वेळ बसलं की ते दोघं येतात. इतकं बोलताना मी नानांना आयुष्यात ऐकलं नाही. छापखान्यातल्या गमती सांगतात, आमच्या लहानपणीची भांडणं सांगतात, आणि माझा आवाज हसतो. मला इतकं छान हसता येतं, हे मला माहीत नव्हतं.

काल नाना म्हणाले, "थोरले, पूर्वी तू किती ओरडायचीस गं."

"होय ना," ती म्हणाली.

"पण जीव होता तुझा माझ्यावर. तेव्हाही होता. मला कळायचं ते."

माझ्यानं राहवेना. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण मी घसा साफ केला, श्वास सोडला आणि कळ दाबली. या वेळी मी ओरडले नाही. पाळण्यातल्या पोरालाही जाग येणार नाही इतक्या हळू म्हटलं, "नाना, मी इथे आहे."

पावलं थांबली. पाऊस पडत राहिला. मी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

"थोरले," नाना म्हणाले, "कुणी बोललं का गं आत्ता?"

तिला काही घाई नव्हती. ती जरा थांबली, ऐकत असल्यासारखी.

"नाही नाना," ती म्हणाली. "पाऊस आहे नुसता. चला."